मांजर दिसलं की तो आमचा राहतच नाही!

या वेळी कुत्रा आणि मांजर एकाच घरात, किंवा एकाच सोसायटीत, कसं ठेवायचं याचेच प्रश्न एवढे आलेत की गोचीड, केस गळणं वगैरे सगळं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलंय आणि अख्खं सदर या एकाच विषयाला दिलंय. प्रश्न जागेसाठी थोडे कापलेत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमचा मोती तीन वर्षांचा देशी कुत्रा आहे, घरात अतिशय गुणी, पोरं त्याच्या अंगावर लोळतात तरी हूं की चूं करत नाही. मागच्या महिन्यात लेकीने पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू उचलून आणलं, चिंगी, डॉक्टर म्हणाले साधारण चार महिन्यांची असेल. तिला बघितलं की मोती वेडा होतो. ती पलंगाखालून सोफ्याखाली आणि हा तिच्यामागे, परवा टीव्हीजवळचा सेटटॉप बॉक्स वायरीसकट खाली आला. आम्ही ओरडतो, सासूबाई पेपरची गुंडाळी करून एक ठेवून देतात, तेवढ्यापुरता थांबतो. सासरे म्हणतात दोघांना एका खोलीत कोंडा, आपोआप जमेल. शेजारचे म्हणतात शॉकचा पट्टा ऑनलाइन मिळतो तो मागवा. काय करू? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, सगळ्यात आधी एक, त्या दोघांना एका खोलीत कोंडू नका, आज नाही आणि महिन्याभराने पण नाही. चिंगी असेल दीड-दोन किलोची, मोती अठरा-वीस किलोचा. त्याने एकदा तोंडात धरून मान झटकली तर संपलं, आणि त्यासाठी त्याच्या मनात तिला मारायचं असायलाच पाहिजे असं काही नाही. कुत्र्याने धरलेल्या मांजराला वरून बघितलं तर दोन बारीक भोकं दिसतात, आत मात्र मांस फाटलेलं असतं, कधी बरगडी तुटलेली असते, त्यामुळे असं काही झालं आणि मांजर चालतंय-फिरतंय असं दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं.

आता मोती असं का करतो. लोकांना वाटतं कुत्र्याला मांजराचा राग येतो, जन्माचं वैर वगैरे, पण रागाचा संबंध फार थोडा आहे. कुत्र्याच्या अंगात शिकारीच्या सगळ्या पायऱ्या अजून आहेत, आधी काहीतरी हललं म्हणून बघणं, मग एकटक बघणं, दबा धरणं, पाठलाग, धरणं, आणि शेवटी मारणं. माणसाने वेगवेगळ्या कामासाठी जाती तयार करताना यातल्या काही पायऱ्या वाढवल्या, काही कमी केल्या, मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीत टक लावणं आणि पाठलाग ठासून भरलाय, लॅब्रेडॉरला वस्तू तोंडात धरून आणायला आवडतं. आपल्या देशी कुत्र्यात सगळं थोडं थोडं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पाठलाग करताना कुत्र्याला जी मजा येते तेच त्याचं बक्षीस, वरून बिस्कीट द्यायची गरजच नाही. म्हणजे चिंगी पळाली आणि मोती मागे धावला की त्याचा पगार तिथेच मिळाला, तुम्ही नंतर कितीही ओरडा. प्रत्येक वेळी धावला की ती सवय अजून पक्की होते. म्हणून माझ्या मते या सगळ्यात ट्रेनिंगपेक्षाही मोठं काम हे की आजपासून त्याला धावायची संधीच मिळता कामा नये. हे नीट केलं नाही तर बाकीचं सगळं पाण्यात.

सासूबाईंना प्रेमाने सांगा की पेपर बंद करायचा. त्याच्या बाजूने बघा ना, मांजर आलं, मी बघितलं, पाठीत बसला. यातून तो "मागे लागू नये" हे शिकेल असं आपल्याला वाटतं, तो बहुतेक वेळा हे शिकतो की मांजर जवळ असलं की मला लागतं, म्हणजे मांजर वाईट, आणि सासूबाई आसपास असल्या की गप्प बसायचं. त्या देवळात गेल्या की काय? शॉकच्या पट्ट्याचं तेच, उलट जास्त. गळ्याला झटका बसला त्या क्षणाला समोर चिंगी असेल तर तो झटका तिच्या नावावर लागतो, आणि आधी नुसता पाठलाग करणारा कुत्रा मग खरंच अंगावर जायला लागतो. वेल्समध्ये असे पट्टे वापरायला २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे एका क्लिकवर घरी येतात म्हणून ते चांगले होत नाहीत, कृपा करून मागवू नका.

तर सुरुवात अशी. चिंगीला एक खोली पूर्ण तिची द्या, तिचं खाणं, पाणी, लिटर ट्रे, आणि चढून बसायला उंच जागा, कपाटाचा वरचा भाग, माळा, खिडकीची रुंद फळी, काहीही चालेल. मांजराला जमिनीवर लपण्यापेक्षा वरून बघायला मिळालं की निम्मी भीती जाते. काही दिवस दोघांनी एकमेकांना बघायचंच नाही, फक्त वासाची ओळख. चिंगी ज्या टॉवेलवर झोपते तो मोतीच्या जागेजवळ ठेवा आणि त्याचं फडकं तिच्याकडे. दोघांची जेवणं बंद दाराच्या दोन बाजूंना, आधी दारापासून लांब आणि मग रोज थोडं जवळ. मोती दाराच्या फटीला नाक लावून कुंई कुंई करत असेल किंवा दार खरवडत असेल तर वाडगं मागे सरकवा, घाई नाही.

याच दिवसांत मोतीला तीन गोष्टी शिकवायच्या, चिंगी समोर नसताना. नाव घेतलं की तुमच्याकडे बघणं, "सोड" म्हटलं की तोंड मागे घेणं, आणि "चटई" म्हटलं की आपल्या चटईवर जाऊन बसणं. बक्षीस म्हणून उकडलेलं चिकन नखाएवढं, शाकाहारी घर असेल तर पनीर, उकडलेलं रताळं. रोजची पोळी चालणार नाही, मांजराच्या तोडीचं काहीतरी पाहिजे. चॉकलेट, मनुका, द्राक्षं अजिबात नाहीत, ती कुत्र्याला विषारी असतात, आणि कांदा घातलेलं काही नाही.

मग पहिली नजरभेट. मोतीला छातीचा हार्नेस घाला, गळ्याचा पट्टा नको कारण तो ओढला की गळा आवळतो आणि कुत्रा अजून तापतो. लीश, म्हणजे फिरवायची दोरी, हातात, मध्ये जाळीचं दार किंवा लहान मुलांसाठी लावतात ते गेट, आणि अंतर घरात जेवढं जास्तीत जास्त मिळेल तेवढं. आता चिंगीकडे नका बघू, मोतीकडे बघा. आधी त्याचं उघडं तोंड पटकन बंद होईल. कान पुढे येतील, वजन पुढच्या पायांवर जाईल, शेपूट ताठ, आणि श्वास क्षणभर थांबल्यासारखा वाटेल. इथे तुमच्या हातात एक-दोन सेकंद असतात, बस. तो अजून तुमचं ऐकू शकतो तेवढ्यातच नाव घ्यायचं आणि चिकन त्याच्या नाकाशी न्यायचं, वळला की द्यायचं. गाडी उतारावर सुटली की हाका मारून थांबत नाही, त्याच्या आधीच काय ते करायचं. आणि चिकन नाकाशी नेऊनही तो खात नसेल तर त्याला हट्टी म्हणू नका, तुम्ही फार जवळ आहात एवढाच त्याचा अर्थ, मागे या, दुसऱ्या खोलीपर्यंत मागे या. खातोय की नाही हीच तुमची मोजपट्टी.

पुढचा खेळ सोपा आहे पण घरातल्या सगळ्यांनी तोच खेळला पाहिजे. चिंगी दिसली की चिकन यायला लागतं, एकामागून एक, ती दिसेनाशी झाली की चिकन बंद. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, शक्यतो तो फिरून येऊन मोकळा झाल्यावर. असं बऱ्याच वेळा झालं की एक दिवस चिंगी जाळीपलीकडून शेपूट वर करून जाईल, मोती बघेल, कान पुढे होतील, आणि तुम्ही काही बोलायच्या आत तो स्वतःच मान वळवून तुमच्या हाताकडे बघेल. त्या दिवशी हातातलं सगळं चिकन देऊन टाका, कारण आता त्याचा तोच ठरवायला लागलाय आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं.

पण लगेच लीश सोडू नका. बसलेलं मांजर आणि पळणारं मांजर हे कुत्र्यासाठी दोन वेगळे धडे आहेत. शांत चिंगीजवळ शहाणा झालेला मोती, ती पडद्यावर उडी मारून सुसाट पळाली की परत पहिल्यासारखा होणार. म्हणून आधी चिंगीला दोरीचं खेळणं देऊन दमवा, मग समोर आणा, आणि पळणारी चिंगी हा धडा पुन्हा लांबून सुरू करा. तिला कुशीत घेऊन "बघ मोती, बेबी आहे" असं तर अजिबात करायचं नाही, घाबरली की ती तुमच्या तोंडावरून चढून जाईल आणि नखं तुम्हाला लागतील.

मोतीचा पाठलाग पूर्ण तोडा असं मी म्हणत नाही, त्याची ती भूक दुसरीकडे भागवा. काठीला दोरी आणि टोकाला जुनं फडकं बांधून गच्चीवर पळवा, "सोड" म्हटलं की सोडायचं आणि परत सुरू. रोजच्या फिरण्यात त्याला मनसोक्त हुंगू द्या.

किती दिवस लागतील असं सगळे विचारतात. काही कुत्री तीन-चार आठवड्यांत निवळतात, काहींना सहा महिने. तोपर्यंत तुम्ही घरी नसताना मध्ये बंद दार हवंच, आणि घरात असताना मोतीला हलकी लीश घालूनच फिरू द्या, ओढत गेली तरी चालेल, वेळ आली तर पाय ठेवता येतो. चिंगीच्या खाण्यावर पण लक्ष ठेवा. मांजर ताणाने जेवण सोडतं आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर चरबी चढून जिवावर बेततं, लहान पिल्लू तर तेवढंही काढत नाही, तेव्हा एक दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा.

प्रश्न: आमचा लॅब्रेडॉर टॉमी घरात शहाणा, खाली नेलं की पार्किंगमधल्या मांजरांवर झेप घेतो, दोनदा माझ्या आईला ओढून पाडलंय. सोसायटीतली मुलं मुद्दाम त्याला मांजर दाखवून "छू छू" करतात आणि वॉचमनही हसतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, हे "छू" आधी बंद करायचं, त्याशिवाय तुमच्या कुत्र्याचं काही होणार नाही कारण तुम्ही एकटे एक शिकवताय आणि अख्खी इमारत उलटं शिकवतेय. मुलांवर नुसतं ओरडू नका, त्यांच्या हातात चिकनचे तुकडे द्या आणि सांगा की मांजर दिसल्यावर टॉमी तुमच्याकडे वळला की तुम्ही द्यायचं. मुलांना मदतीला घेतलं की ती फार जबाबदारीने करतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. मोठी माणसं ऐकत नसतील तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा की प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यावर प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि त्याच्या कलम ११ प्रमाणे मजेसाठी एक प्राणी दुसऱ्याच्या अंगावर सोडणं गुन्हा आहे.

आईंनी तूर्त त्याला खाली नेऊ नये. पुढून लीश अडकवता येते असा हार्नेस घ्या, त्यात कुत्र्याने ओढलं की तो तुमच्याच बाजूला वळतो. गाड्यांखाली मांजरं बसतात ती जागा तुम्हाला माहीत असेलच, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर तिकडे न जाता लांबचा रस्ता धरा. आणि अचानक समोर आलंच तर ओढाताण करत उभं न राहता गोल वळून उलट दिशेला चालायला लागायचं आणि चार पावलांवर खाऊ. ही वळायची सवय आधी मोकळ्या रस्त्यावर, मांजर नसताना, भरपूर करून घ्या.

प्रश्न: सोलापूरजवळ आमचं शेत आहे, राखणीला कारवान जातीची कुत्री आहे. मागच्या वर्षी तिने शेजाऱ्यांचं मांजर मारलं. आता मुलगा मांजर पाळायचं म्हणतोय, गोदामात उंदीर पण फार झालेत. तिला कच्चं मटण घालायचो त्याने रक्ताची चव लागली असं लोक म्हणतात. नसबंदीने शांत होईल का?

उत्तर: काका, मटणाचा काही दोष नाही. खाण्यातून शिकार येत नाही, दूधभात खाणारी कुत्रीसुद्धा मांजरं मारतात. कच्च्या मांसातून जंतू मात्र येतात त्यामुळे शिजवून घाला. कारवान, मुधोळ ही कुत्री माणसाने पिढ्यानपिढ्या ससा बघून धावण्यासाठीच तयार केलेली आहेत, लांब पाय, खोल छाती, नजर लांबची. तुम्ही "ये" म्हणेपर्यंत ती शेताच्या दुसऱ्या बांधावर असते. हा तिचा वाईटपणा नाही, याच गुणांचं आपल्याला कौतुक असतं, पोस्टखात्याने २००५ मध्ये मुधोळचं तिकीट काढलं ते काय उगाच नाही. (सशामागे मात्र सोडू नका, ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.)

नसबंदी करा, गर्भाशयात पू होण्याचा धोका त्याने जातो, नको असलेली पिल्लं होत नाहीत, पण पाठलाग त्याने थांबत नाही, तो त्या हार्मोनवर चालत नाही.

मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाहीये. एकदा पाठलागापासून मारण्यापर्यंत सगळं पूर्ण केलेली कारवान आणि मोकळं फिरणारं मांजर यांना एकत्र ठेवायला मी कधीच सांगणार नाही, कितीही ट्रेनिंग झालं तरी. मांजर आणायचंच असेल तर गोदाम तिचं, दार जाळीचं आणि बंद, आणि कुत्रीला उंच कुंपणाचं वेगळं आवार. असं करणं जमणार नसेल तर मुलाला समजावून सांगा आणि उंदरांसाठी पिंजरे लावा. विषाच्या गोळ्या ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर कुत्रीने खाल्ला तर तिच्याही जिवावर बेतू शकतं. वस्तीतून नेताना टोपलीसारखी मुसकी घाला, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत कारण कुत्रं अंगातली उष्णता तशीच बाहेर टाकतं आणि तुमच्याकडचं ऊन तर सांगायलाच नको, कापडी घट्ट मुसकी चालणार नाही. आतून दही लावून रोज थोडा वेळ चाटायला द्या, स्वतःहून तोंड घालेल.

प्रश्न: आमच्या बोक्याची आणि कुत्र्याची झटापट सोडवताना बोक्याने माझा हात ओरबाडला, थोडं रक्त आलं. कुत्र्याचा एक डोळा अर्धवट मिटलेला आहे आणि पाणी येतंय. घरात आधीचे डोळ्याचे ड्रॉप्स आहेत ते घालू का? — एक वाचक, मडगाव

उत्तर: तुम्हाला फोनवर लगेच कळवलंय, तरी सगळ्यांसाठी इथे लिहिते. ड्रॉप्स घालू नका. नखाने बुबुळावर जखम झाली असेल आणि त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असेल तर जखम चिघळते, डोळाही जाऊ शकतो. अर्धवट मिटलेला डोळा म्हणजे दुखतंय, त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि जाईपर्यंत त्याला पंजाने डोळा चोळू द्यायचा नाही.

तुमचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून, हळद-चुना-मिरची काही भरायचं नाही आणि दवाखान्यात जायचं. रेबीज कुत्र्यामुळेच होतो असं खूप जणांना वाटतं, मांजरामुळेही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर उपाय नाही. लस दंडाच्या स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, मधला डोस चुकवू नका. बोका बाहेर फिरतो तर त्यालाही दरवर्षी लस टोचून घ्या.

आणि भांडण सोडवायला हात कधीच मध्ये घालायचा नाही. जाड चादर अंगावर टाका, खुर्ची किंवा पाट मध्ये सरकवा, बादलीभर पाणी ओता. सुटले की कुत्र्याला खोलीत बंद करायचं, बोक्याच्या मागे मागे जायचं नाही, तो वर चढून बसेल आणि तासाभराने उतरेल.

प्रश्न: आमच्याकडे नऊ वर्षांची मांजर आहे, पुढच्या आठवड्यात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणतोय. काय काळजी घेऊ? — एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची वेळ चांगली आहे. कुत्र्याची पिल्लं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघतात ते त्यांना आपलं वाटतं, या काळात शांत मोठं मांजर रोज दिसलं की पुढचा पुष्कळ त्रास वाचतो. पिल्लू पुढचे पाय टेकून पार्श्वभाग वर करून तिला खेळायला बोलावेल, ती फिस्स करेल किंवा एक पंजा मारेल, नखं बाहेर न काढता असेल तर मारू दे, तिला रागवू नका. उलट पिल्लाने भुंकून तिला पळवलं आणि घरातले सगळे हसले तर त्याच दिवसापासून हा खेळ लागतो, तेव्हा "किती गोड" म्हणत व्हिडिओ काढत बसू नका, उचला आणि दुसरं खेळणं द्या.

नऊ वर्षांच्या मांजरीला शांतता लागते, दिवसातले बरेच तास पिल्लू गेटच्या आत. तिचं खाणं ओट्यावर किंवा उंच कपाटावर हलवा, आणि हे पिल्लू यायच्या आधीच करा म्हणजे तिला दोन बदल एकदम नकोत. लिटर ट्रे पण पिल्लाला पोचणार नाही अशा जागी, दाराला आतून साखळी लावून फक्त मांजर जाईल एवढी फट ठेवली तरी पुरते, नाहीतर पिल्लं त्यातलं खातात आणि मांजर त्या ट्रेकडे फिरकत नाही, मग घरात कुठेही करायला लागते. ती आठवड्यानंतरही खाली उतरत नसेल किंवा ट्रेमध्ये जाऊन जोर लावतेय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर पुढच्या अंकाची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे घेऊन जा.